दोन प्लेट पाणीपुरी

"हा विषाणू घरात आणला कुणी?" दार उघडताच अनसूयाबाईंनी विचारलं. रिपोर्टचं मुलाने फोनवर सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांनी आपली एक किडनी सुनेला, हर्षदाला, दिली होती. तेव्हापासून हात धुतल्याशिवाय पाहुणा आत येत नव्हता आणि कोथिंबीर तीनदा धुतली जात होती.

हर्षदा खुर्चीत बसली. पाय दुखत होते. डॉक्टर म्हणाले होते, विषाणू किडनीत वाढलाय, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करू. शरीर त्याच्याशी लढेल. पण एकदा लढायला लागलं की ते किडनीलाही परकी समजू शकतं. महिनाभर बघू. निघताना ते हेही म्हणाले, की हा बहुधा किडनीबरोबरच आलाय. पुष्कळांच्या अंगात तो जन्मभर निपचित पडून असतो, देणाऱ्याला पत्ताही नसतो.

"शेजारची सुमती शिंकत होती परवा. नाहीतर तुझा नवरा. आल्याआल्या फ्रीज उघडतो." अनसूयाबाई बोलत होत्या, पण त्यांचा हात कमरेवरच्या जुन्या टाक्यांवर गेला होता. "माझ्यातच तर काही खोट नव्हती ना गं?"

हर्षदाने त्या हाताकडे पाहिलं.

"मीच, आई. बस स्टँडवर पाणीपुरी खाल्ली. दोन प्लेट."

सासूबाईंचं सुरू झालं: अक्कल गहाण टाकलीस का, एवढी ठणठणीत किडनी दिली, ती रस्त्यावरच्या पाण्यात बुडवलीस. हर्षदा मान खाली घालून ऐकत राहिली.

बोलता बोलता सासूबाईंचा हात कमरेवरून निघाला आणि त्यांनी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं.