कोपऱ्यातलं नाव

"हे माझं आहे," जागृती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एसी घरघरत होता आणि माणसं हातात कॉफीचे कप घेऊन भिंतीभिंतीने फिरत होती.

अकरा चित्रं. अकराच्या अकरा तिची. आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, गुजराती अक्षरांत, ललित सरांचं नाव.

चित्रं सुरतेत, बमरोलीच्या एका खोलीत झाली होती. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम उरकलं की ती जाड कागदावर काळी शाई फासायची. शाई वाळली की काडी ब्लीचमध्ये बुडवून रेघ ओढायची. ब्लीच शाईला खातं. काळ्याच्या पोटातून आधी तांबूस रेघ वर येते, मग पिवळी, मग पांढरी. कुठल्या शाईतून सोनं निघतं आणि कुठलीतून नुसता गढूळ हिरवा, एवढं कळायला दोन वर्षं गेली. कागदांना भोकं पडली. बोटांची सालं निघाली. ललित सरांचा अडाजणला ड्रॉइंगचा क्लास. त्यांनी तिचं काम पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. "कागज मेरा, स्याही मेरी. तू बस बना. तेरा नाम हो जाएगा."

फ्रेम करायला म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ते चित्रं घेऊन गेले. आज तिला बोलावलं होतं ते पाहुण्यांसमोर दोन मिनिटं करून दाखवायला. कोपऱ्यातल्या टेबलावर कागद, शाई, ब्लीचची बाटली आणि काडी मांडून ठेवली होती. जादूगाराच्या पोरीसारखं तिने खेळ करून दाखवायचा.

तिचा बाप नागनाथही आला होता. मिलमध्ये खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतःच्याच चित्रासमोर तो उभा होता. चित्रात तो तोंड वासून झोपलेला. ते बघून तो एकटाच हसत होता.

जागृती सरांपुढे गेली.

"सर, चित्रं माझी आणि नाव तुमचं?"

"तमाशा मत कर, बेटा. लोग आए हैं."

चोर घाबरतो. मालक घाबरत नाही. ललित सर घाबरले नाहीत. उलट तिचा खांदा थोपटून एका बाईंना म्हणाले, "मेरी स्टुडंट है. बहुत मेहनती."

मेहनती! जागृतीच्या डोक्यात सणक गेली. तिने टेबलावरची बाटली उचलली, काडी बुडवली आणि पहिल्या चित्राशी गेली. काच नव्हतीच. पांढऱ्या शाईने लिहिलेलं नाव ब्लीचने पुसायला कितीसा वेळ लागतो? सर मागून धावले. तोवर तिने काडी नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवली होती.

काहीच झालं नाही.

ती वाकली. रागाच्या भरात तिने नीट पाहिलंच नव्हतं. नाव शाईने लिहिलेलं नव्हतं. ते ब्लीचने लिहिलं होतं. पांढरं, धारदार, जरासुद्धा न पसरलेलं. जे आधीच खाल्लंय त्याला ब्लीच काय खाणार?

सरांना हे जमत नाही. दोन वर्षं तिच्याकडे बघून बघून करत होते, दर वेळी त्यांची रेघ शेवाळासारखी पसरायची. ब्लीचमध्ये चिमूटभर गोंद घालावा लागतो, हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. अख्ख्या सुरतेत ते दोघांनाच ठाऊक होतं. एक ती. दुसरा तो, ज्याने मिलच्या छपाईत बघून ते तिला शिकवलं होतं.

नावाखाली दोन आडव्या रेघा होत्या. मिलमध्ये कोऱ्या कापडाचा ताका आला की त्याच्या टोकाला व्यापाऱ्याचं, म्हणजे 'पार्टी'चं, नाव लिहायचं आणि खाली अशाच दोन रेघा मारायच्या, म्हणजे रंगून आल्यावर माल कोणाचा ते कळतं. तीस वर्षं नागनाथ हेच करत होता.

ती वळली. बाप तिच्याकडेच बघत होता.

"बाबा, हे तुम्ही लिहिलं?"

"मग!" त्याचा चेहरा फुलला. "तू विहारात गेली होतीस तवा सर आले होते घरी. म्हणले, नाव टाकायचंय, माझ्या हातून पसरतं. मी म्हणलं, आणा इकडं. अकराच्या अकरा टाकले. एक तरी पसरलं का, बघ."

सर आता हसत होते. त्यांनी हात झाडले आणि पाहुण्यांकडे निघून गेले. त्यांचं तिथे काही कामच उरलं नव्हतं.

"अहो, चित्रं माझी होती, बाबा!"

"तुझीच ना. कोण नाही म्हणतं? पण कागद त्याचा, शाई त्याची. कापड पार्टीचं, काम आपलं. नाव पार्टीचंच पडतं, बाई."

"आणि माझं?"

नागनाथ गोंधळला. प्रश्नच त्याला कळला नाही. त्याने लेकीला समजावून सांगावं तसं, अगदी मायेने विचारलं,

"तीस वर्षांत एका तरी ताक्यावर माझं नाव बघितलं का तू?"