रणगाड्याचं झाकण

चाकं आठ. त्यातली जमिनीला टेकलेली सहा, पुढची दोन नुसती शोभेची. तोफ एक, दिवे एकवीस, पाठीमागे निळा उजेड टाकणारी नळकांडी सहा. समोर जाड अ‍ॅक्रिलिकची काच, दिवाणखान्याच्या खिडकीएवढी. वर तोफचीची खुर्ची, तीही उघड्यावर, आणि तिथून आत उतरायला वाट नाही. दारं मात्र तिने दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा मोजून विश्वास बसला नाही.

एक.

तिच्या आराखड्यात दोन होती. जुन्या कचरागाडीच्या सांगाड्यावर सिनेमासाठी हा भविष्यातला रणगाडा चालता करून द्यायचं काम तिचं, वरचा साज कलाविभागाचा. मागचं दार परवापर्यंत जागेवर होतं. आता त्यावर पत्रा वेल्ड करून नळकांडी बसवली होती. उरलं होतं ते चालकाच्या डोक्यावरचं झाकण.

तिच्या थेट मस्तकात तिडीक गेली. मैदानाच्या कडेला छत्रीखाली दिग्दर्शक चहा पीत बसला होता, त्याच्यासमोर जाऊन ती उभी राहिली. त्याने तिला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं की शेवटच्या दृश्यात गाडी पाठमोरी दिसणार आहे, आणि तिथे दार ठेवलं तर ती घरपोच सामान टाकणाऱ्या टेम्पोसारखी दिसेल. तिने विचारलं, गोळ्या समोरून येत असताना माणसं समोरूनच उतरणार का? लढाईच्या गाडीतून माणसं मागच्या बाजूने बाहेर पडतात. त्यावर तो म्हणाला की ही तीनशे वर्षांनंतरची माणसं आहेत.

"तीनशे वर्षांनंतरही पेटल्यावर त्यांना बाहेर पडावंसं वाटेल," ती म्हणाली.

दिवे लावणारे दोघे फिस्सकन हसले. दिग्दर्शक हसला नाही.

तीनशे वर्षांनंतरच्या माणसांचं तिला काही पडलेलं नव्हतं. दुपारच्या दृश्यात गाडीच्या दोन्ही अंगांना गॅसच्या ज्वाळा उठणार होत्या, गाडी त्यात थांबणार होती, आणि चालक झाकण उडवून बाहेर झेपावणार होता. चालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आजवर तो नटांच्या जागी, त्यांचे कपडे घालून जिन्यांवरून गडगडला होता, खिडक्यांतून पडला होता. या खेपेला पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसणार होता.

त्याने तिला दंडाला धरून बाजूला नेलं. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"ताई, गाडी चालती करायला तुला बोलावलं होतं. झाली चालती. आता घरी जा. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"पोट जागेवर राहावं म्हणूनच बोलतेय."

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की किल्ली तिच्या मुठीत आहे. आग न लावता एकदा त्याने बाहेर पडून दाखवावं, किल्ली मिळेल. कोणीतरी दातओठ खात म्हणालं की या बाईला कोणी आणलं. दिग्दर्शकाने उन्हाकडे पाहिलं, कप चुरगळून टाकला आणि म्हणाला, होऊन जाऊ दे, म्हणजे बाईंचं समाधान होईल.

तोफ बाजूला वळवलेली होती. भाऊ तिच्याकडे न बघता वर चढला, आत उतरला आणि झाकण मुद्दाम आपटून लावलं. सगळं दृश्यात असेल तसंच लावा, एवढंच तिने सांगितलं. तोफ समोर हवी, अगदी सरळ, पोस्टरवर आहे तशी, दिग्दर्शक ओरडला. तोफचीचं काम करणाऱ्याने हाताने चक्र फिरवून तोफ समोर आणली आणि तो खाली उतरू लागला. तिने विचारलं, तुम्ही कुठे चाललात? तो ओशाळून म्हणाला की गोष्टीत तो आधीच मेलेला असतो, आगीच्या वेळी खुर्चीत बाहुला बसवायचा आहे.

दिग्दर्शकाने सवयीने 'अ‍ॅक्शन' म्हटलं.

झाकण उघडलं. ठण्ण. पुन्हा मिटलं, पुन्हा वर आलं. ठण्ण. कोणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्यांदा आवाज मोठा आला, आणि मग कोणी हसलं नाही.

तोफेची नळी झाकणाच्या बरोबर वरून गेली होती. ती तर झाकणाच्या अलीकडेच संपायची, तिने स्वतः मापून घेतलं होतं. तिने कलाविभागाच्या मुलीकडे पाहिलं. नळी काल मीटरभर वाढवली, ती मुलगी पुटपुटली. पोस्टरवर आखूड दिसत होती.

"ताई," आतून भावाचा आवाज आला, डब्यातून यावा तसा. "तोफ हलवायला सांग ना."

तोफची लगबगीने शिडीकडे वळला. तिने हात आडवा धरला.

"थांबा. तुम्ही मेलेले आहात."

तो जागच्या जागी थिजला. हलवा रे ती तोफ, दिग्दर्शक म्हणाला, पण त्याचा आवाज चढला नाही. कोणी हललंही नाही. ती स्वतः वर चढली, झाकणापाशी गुडघे टेकून बसली आणि खिशातून मोजपट्टी काढली.

"खांद्याने वर रेट. जोर लाव. आणि तसंच धरून ठेव."

झाकण नळीला भिडलं आणि तिथेच कुरकुरत राहिलं. फटीतून चार बोटं बाहेर आली आणि काठाला घट्ट धरून राहिली. त्या बोटांच्या शेजारी तिने पट्टी उभी लावली, दोनदा पाहिलं, आणि खाली छत्रीपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

"साडेनऊ सेंटिमीटर."