कुलपातलं तेल

"मुठेल काढ, बऱ्या बोलाने," काजू कारखान्याचा शेठ द्वारकाच्या दारातूनच गुरकावला.

कोकमाच्या बियांचं तेल थिजलं की द्वारका ते मुठीत वळून गोळे करायची. डागावर तिच्या मुठेलासारखं औषध नाही, असं गावभर बोललं जाई. शेठच्या लेकीच्या गालावर काजूच्या टरफलाचा चीक उडून काळाकुट्ट चट्टा पडला होता. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

द्वारकाने गोळा पुढे केला, पण मूठ सोडली नाही.

"कातडीला आधीच तेल असलं तर चीक एवढा भाजत नाही, शेठ. म्हणून आम्ही बायका तेल चोळून कामाला बसायचो. 'हे लाड पुरे' म्हणून तुम्ही डब्याला कुलूप घातलंत."

"तो विषय आत्ता कशाला?"

"तुमची लेक हौसेने काजू फोडायला बसली, तेव्हा तिनेही तेल मागितलं होतं. किल्ली तुमच्या खिशात होती."

शेठने गोळा हिसकावला. "याने डाग जाईल ना?"

द्वारकाने काळवंडलेले, चट्ट्यांनी भरलेले दोन्ही तळवे त्याच्या तोंडासमोर धरले.

"कातडी मऊ राहते. बाकी तुम्हीच बघा. वीस वर्षं हेच लावतेय."