बॅटरी का उतरते?

"पुन्हा उतरली रे," फोनवर काका म्हणाले आणि वायरिंगवाल्याने कपाळावर हात मारला.

आता काय बदलायचं राहिलं होतं? बॅटरी नवी. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्याने स्वतः उघडून बसवलेला. इंजिन कितीही रेस करा, रेग्युलेटर व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवायचा, बॅटरी ना उपाशी राहायची ना उतू जायची. गाडी बंद असताना करंट कुठे गळतो का, तेही पाहून झालं. काका कशीबशी ढकलून गाडी सुरू करायचे, गॅरेजात आणायचे आणि तिथे सगळं ठणठणीत. मीटर समोर धरला तर म्हणायचे, "तूच वाच. माझा तुझ्यावर विश्वास आहे." त्या विश्वासानेच त्याचं डोकं उठलं होतं.

पण चिडणार तरी कुणावर? काका रोज नातीला शाळेत सोडायचे, आणायचे. गाडी आणखी एकदा रुसली तर मुलगा ती विकणार होता. "मग मी दिवसभर करायचं काय?" असं काकांनी त्याला विचारलं होतं. शाळेची वाट मला डोळे झाकून येते, म्हणायचे. नात शेजारी बसून वाटभर बडबडते, सायकलवाला आला, कुत्रं बसलंय, आता वळा आजोबा. त्या बडबडीचं त्यांना भारी कौतुक.

आज गाडी ढकलूनही सुरू होईना, म्हणून चार्ज केलेली बॅटरी घेऊन तोच त्यांच्या घरी गेला. काका अंधाऱ्या शेडमध्ये गाडीपुढे उभे होते. बंपरला नवा पोचा पडला होता. लोकांना गाड्या लावायची अक्कल नाही, काका म्हणाले.

"काका, शेडमध्ये गाडी लावताना दिवे लावता, ते बंद करायचे राहतात का?"

काका दुखावले. शाळा सुटायची वेळ झाली, पोर फाटकाशी उभी असेल, आणि तुला थट्टा सुचतेय, म्हणाले.

तो वैतागून वाकला. जुनी बॅटरी काढली, आणलेली बसवली, एक वायर जोडली. दुसरी टेकवताच दोन्ही हेडलाइट झपकन पेटले. काकांच्या शर्टावर, मागच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला.

काका उजेडाकडे तोंड करून तसेच उभे होते, पापणीही न लवता.

"दिवे चालू राहिले असते," ते म्हणाले, "तर मला दिसलं नसतं का?"