भरली वांगी आणि हेतू

कोर्टात शरयू खैरनारच्या डोक्याला मनातला हेतू पडद्यावर दाखवणारी हेतुदर्शकाची पट्टी बांधली, तेव्हा समोर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, विलासने, मान खाली घातली. तिने त्याच्या डब्यातल्या भरल्या वांग्यांत उंदराचं औषध घातलं होतं आणि तो डबा खाऊन तो मरता मरता वाचला होता. कृती तिने कबूल केली होती. खुनाचा प्रयत्न ठरायला आता फक्त हेतू सिद्ध व्हायचा होता.

“डबा भरतानाचा क्षण आठवा,” न्यायाधीश तांबोळीबाई म्हणाल्या.

पडद्यावर अक्षरं उमटली: जीव घेण्याचा हेतू, शंभर टक्के. खाली नाव आलं, शलाका.

विलास दचकला. शलाका त्याच्या ऑफिसातली होती.

“यांना वांगं चालत नाही, अंगाला खाज सुटते,” शरयू म्हणाली. “तरी वर्षभर हे वांग्यांचा डबा मागून न्यायचे आणि तो चाटूनपुसून परत यायचा. कोण खातं ते मला कळलं होतं.” ती विलासकडे वळली. “मग त्या दिवशी तुम्ही कशाला खाल्लीत?”

“ती आलीच नाही,” तो पुटपुटला. “तीन वाजेपर्यंत वाट बघितली. मग तिच्या आवडीची म्हणून टाकवेनात.”

शरयूने त्याच्याकडे रोखून पाहिलं. पट्टी अजून डोक्यालाच होती. पडद्यावरचं शलाकाचं नाव पुसलं गेलं आणि तिथे विलासचं आलं. आकडा शंभरच राहिला.

सरकारी वकील लगबगीने उठले.

“बसा,” न्यायाधीश म्हणाल्या. “या हेतूला अजून कृतीची जोड नाही. आणि विलास खैरनार, तुम्ही जरा मागच्या बाकावर जाऊन बसा.”