बदामाचं बटण

मल्लिनाथनं दाराबाहेर एक नजर टाकली. चहावाली सुकन्या किटली घेऊन खाली हमालांकडं गेलेली. सोमवार म्हणून जोडीचा मुनीम गुंडप्पा सिद्धेश्वराच्या देवळात गेलेला. डाळमिलच्या हापिसात राहिले दोघंच, मल्लिनाथ आणि गुंडप्पाचा कॉम्प्युटर.

त्यानं माउस धरला. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ केलं होतं, तस्संच केलं. वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण, मग उघडली ती खिडकी, तिच्यात खाली रीसेट. पडद्यानं विचारलं, सगळं पुसू का? पूस बाबा, तुझ्या तोंडात साखर पडो.

एक्सेलच्या माथ्यावरची गुंडप्पाची सगळी बटणं गपकन गेली. कॉम्प्युटर नवा आणला त्या दिवशी होती, तशी पट्टी उरली.

माउस जागेवर ठेवून मल्लिनाथ आपल्या टेबलाशी येऊन देवळातल्या नंदीसारखं तोंड करून बसला.

त्याच्या खोड्या लातूरच्या अख्ख्या मोंढ्याला, धान्यबाजाराला ठाऊक. कुणाच्या चपला तुरीच्या पोत्यात, कुणाच्या डब्यात मूठभर मीठ. गुंडप्पाच्या माउसखाली तर कितीदा चिकटपट्टी लावलेली. गुंडप्पा ती नखानं काढायचा, हसायचा आणि म्हणायचा, "मल्लू, तू कवा मोठा होणार रं?"

पण आजची काही खोडी नव्हती.

मालक अंथरुणाला खिळल्यापासून मिल त्यांची लेक मंजुश्री बघत होती. शुक्रवारी जाता जाता ती दोघांना म्हणाली, "सोमवारपासून हापिसात एकच मुनीम राहील. मी येऊन काम बघते."

एकच! त्यातला जाणारा कोण, हे मल्लिनाथला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा सगळा जन्म वजनकाट्यावर आणि पेनावर गेलेला. पन्नाशी उलटलेल्या पेनवाल्या मुनीमाला आता मोंढ्यात कोण दारात उभं करून राहिलंय?

आणि हा गुंडप्पा महिनाभर ती पट्टी सजवत बसलेला. एकेका बटणाला पत्त्यांची चित्रं. बदाम दाबला की गाडीची पावती, इस्पिक दाबलं की बिल, किलवर दाबलं की मालाचा हिशोब. वर मुद्दाम बोलावून दाखवायचा, "हे बघ मल्लू, एकदा दाबलं, काम खलास." स्वतःच्या कामाला मात्र माउसला शिवायचा न्हाई. त्याची बोटं कीबोर्डवरच नाचायची. नुसता तोरा!

एकदा तर त्यानं भलतंच विचारलं होतं.

"मल्लू, पत्त्यांत तुला आवडतं पान कंचं?"

"बदामाची राणी. का, आज बसतोस का डावाला?"

"शिव शिव!" गुंडप्पानं कपाळाच्या भस्माला हात लावला. जेवणाच्या सुट्टीत हमालांचा डाव बसला की हा माणूस पाठ फिरवून बसायचा. अन् त्याच दिवशी पट्टीवर पहिलं बटण बदामाचं! मल्लिनाथनं ते मोंढाभर केलं. गळ्यात लिंग अन् कॉम्प्युटरात जुगार, म्हणून हमाल आठवडाभर हसले. गुंडप्पाही हसला.

आता हस म्हणावं.

जिन्यावर पावलं वाजली. गुंडप्पा आत आला. कपाळावर ताजं भस्म, एका हातात पेढे, दुसऱ्या हातात मोठी पिशवी.

"घे, परसाद."

"पेढे? कोण बाळंत झालं रं?"

"खा गुमान."

पाठोपाठ मंजुश्री आली. "काका, उदगीरची गाडी भरून उभी आहे. पावती काढा, मला बघायचंय."

मल्लिनाथ टुणकन उठला. खांद्यावरच्या रुमालानं कॉम्प्युटरपुढची खुर्ची झटकली आणि कमरेत वाकला. "बसा गुंडप्पाशेठ. दाखवा ताईंना तुमची कला."

गुंडप्पा जागचा हलला न्हाई.

"मी न्हाई. तू बस."

"सकाळी सकाळी चेष्टा करून राहिला का?"

"चेष्टा तुझं खातं हाय, माझं न्हाई."

मंजुश्री म्हणाली, "मल्लूकाका, गुंडूकाका आज चाललेत. नायगावला, लेकीकडं, महादेवीकडं. जावई गेल्यापासून ती एकटीच दुकान बघून राहिली. मला त्यांनी महिन्याभरापूर्वीच सांगितलं. मी नांदेडची एक कॉम्प्युटरवाली मुलगी ठरवलीच होती. पण हे हटूनच बसले, मल्लूलाच बसवा म्हणून. मी म्हणलं, काकांना एक्सेल येत नाही. तर म्हणतात, पत्ते तर येतात न्हवं?"

मल्लिनाथ गुंडप्पाकडं वळला.

"आधी... आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगायचं? निरोप द्यायला वाजंत्री आणली असतीस. म्हणून नुसती बटणं दाखवत गेलो. बघून बघून ध्यानात बसलं असंल तुझ्या."

"एवढी पावती निघाली की खुर्ची तुमची, काका," मंजुश्री म्हणाली. "नाही निघाली, तर मी त्या मुलीला फोन करते. माझाही इलाज नाही. खाली गाड्या खोळंबतात."

खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

गुंडप्पानं पिशवी खांद्याला अडकवली. मल्लिनाथचे दोन्ही खांदे धरून त्याला खुर्चीत बसवलं, त्याचा हात उचलून माउसवर ठेवला आणि दाराकडं निघाला. उंबऱ्यात थांबून त्यानं वळून बघितलं. पडदा त्याला तिथून दिसत नव्हता.

"बघत काय बसलास लेका? बदाम दाब की."