ताईतातली नाळ

कुणी जावळ, कुणी दुधाचे दात, तर कुणी रक्ताचा डाग पडलेलं टोपडं घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलं होतं. गेलेल्या माणसाचा आजार सांगणारं यंत्र तालुक्याला आल्यापासून हे रोजचंच झालं होतं. नंबर आला तसा द्वारकाबाईंनी पदराच्या गाठीतून चांदीचा ताईत काढला. आत त्यांच्या बाळाची वाळलेली नाळ होती. ती गळून पडली आणि बेंबीतून वाहू लागलेलं रक्त थांबलंच नाही. बारशाआधीच बाळ गेलं होतं.

यंत्र थोडा वेळ घुमलं.

“आजी, रक्त गोठवणारा एक घटकच बाळाच्या अंगात नव्हता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फार क्वचित होतो हा आजार. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातून आला तरच.”

“म्हणजे हौसा सुइणीनं नाळ चुकीची कापली नव्हती?”

“नाही हो.”

द्वारकाबाई भिंतीला टेकल्या. उभा जन्म त्यांनी हौसाला तळतळाट दिले होते. हौसा मेली तरी शिव्या थांबल्या नव्हत्या.

“नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. तुमचं लग्न नात्यातच झालं होतं का?”

“आत्याच्याच मुलाला दिली मला. पोर परक्याच्या हाती नको, म्हणून तिनंच हट्ट धरला. बाळ गेल्यावर रोज मला कुशीत घेऊन निजायची.”

डॉक्टरीणबाईंनी ताईत परत दिला. द्वारकाबाईंनी तो पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

“हौसाला शिव्या देऊन दिवस काढले, बाई,” त्या म्हणाल्या. “आता आत्याला कशा देऊ?”